द्वादशीचं तूप

२०१३ साली आमच्या बार्शीच्या घरातली तुपाची बरणी फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेली. आई सणावाराला स्टुलावर चढून ती काढायची, बाकीच्यांच्या भातावर घालायची आणि भावाच्या ताटाशी आली की हात मागे घ्यायची. तो मान खाली घालून जेवत राहायचा. हळूहळू वडिलांनी तूप सोडलं, मग मीही माहेरी गेले की नको म्हणायला लागले. ज्या घरात वरणभातावर तुपाची धार पडल्याशिवाय जेवण सुरू होत नसे, तिथे आठ वर्षं तुपाचा विषय निघाला नाही.

धाकट्या भावाला स्वादुपिंडाचा जुनाट दाह आहे. डॉक्टरी भाषेत क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस. हे नाव नीट उच्चारायला आम्हाला चार वर्षं लागली, कारण पहिली चार वर्षं ते कुणी घेतलंच नाही.

२००९ साली तो एकोणीस वर्षांचा होता, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. रात्री जेवून झोपला आणि दोन वाजता उठून बसला. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात दुखत होतं, आणि ते दुखणं आरपार पाठीत निघत होतं. 'पहार घातल्यासारखं' हा त्याचाच शब्द. उताणं झोपलं की वाढायचं, उशी पोटाशी घट्ट धरून पुढे वाकलं की जरा कमी व्हायचं. त्या वाकण्याला कारण आहे, हे मला फार उशिरा कळलं. स्वादुपिंड पोटात असतं असं आपण म्हणतो, पण ते जठराच्याही मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून आडवं पडलेलं असतं. जेमतेम वीतभर लांब, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. उताणं झोपलं की सुजलेली ग्रंथी कण्यावर ताणली जाते. पुढे वाकलं की तो ताण सुटतो. माझ्या भावानं कुठलंही पुस्तक न वाचता पहिल्याच रात्री ती बैठक शोधली होती.

गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हणून इंजेक्शन दिलं. तीन दिवसांत बरं वाटलं. दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. सोनोग्राफी केली, त्यात काही नाही. आता मला माहीत आहे की पुढे जठर आणि आतड्यातला वायू आडवा आला तर सोनोग्राफीला मागचं स्वादुपिंड धड दिसतच नाही. तेव्हा मात्र 'काही नाही' याचा अर्थ आम्ही 'काही झालेलं नाही' असा घेतला. एका दवाखान्यात अपेंडिक्स काढलं. त्यानंतर पंधराव्या दिवशी तो पुन्हा उशी धरून बसला. रक्तातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडात तयार होणारं एक पाचक विकर (एन्झाइम), पहिल्या एक-दोन वेळा वाढलेलं आलं होतं, पुढे पुढे तेही ठीक यायला लागलं, आणि माझ्या भावाची खरी परवड तिथून सुरू झाली. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, मग दुखतंय कसं?' हा प्रश्न त्याला इतक्या जणांनी विचारला की शेवटी तो दुखलं तरी सांगेनासा झाला. खरं तर या आजारात रिपोर्ट असे ठीक येणं ही काळजीचीच गोष्ट असू शकते. वारंवारच्या सुजेनं ग्रंथीतल्या पेशी मरत जातात, त्यांच्या जागी निबर तंतू येतात, आणि रक्तात उसळी मारण्याइतकं अमायलेज तयार करायला ग्रंथीच पुरी उरत नाही.

२०१३ मध्ये पुण्याला सीटी स्कॅन झाला. स्वादुपिंडाची मुख्य नळी एरवी दोन-तीन मिलिमीटरची असते, ती नऊ मिलिमीटर फुगलेली आणि तिच्यात खडे. फोटो उजेडासमोर धरून तिथले डॉक्टर भावाला म्हणाले, "किती वर्षं पिताय?"

पिता का, असं नाही. किती वर्षं.

आमचं घर वारकऱ्यांचं. भावानं बाराव्या वर्षी पंढरपुरात माळ घेतली, तीही स्वतः हट्ट करून. कांदा-लसूण एकादशीला नाही, मांस-मद्य कधीच नाही. आई तिथेच उभी होती. तिला प्रश्नाचा अर्थ कळायला थोडा वेळ लागला आणि कळल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. भाऊ शांतपणे म्हणाला, "मी घेत नाही." डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. ती फाइल पुढे ज्या ज्या टेबलावर उघडली त्या प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न पुन्हा आला, तेव्हा काय लिहिलं होतं याचा अंदाज आला. गावात बातमी गेली ती त्याहून वाईट रूपात. 'माळ घालून पितो.'

आणि हे सगळं लिहिताना मला एक गोष्ट गाळता येणार नाही. त्याच संध्याकाळी, दवाखान्याच्या जिन्यात, आई चहा आणायला गेलेली असताना मीही त्याला विचारलं. "खरं सांग, हॉस्टेलवर कधी...?" त्यानं शपथ घेतली नाही, माळेला हात लावला नाही. "अक्का, तूही विचारलंस," एवढंच म्हणाला आणि भिंतीला टेकून पायरीवर बसला. त्याला पुन्हा कळ आली होती.

मी वाचायला लागले ती त्या पायरीवरच्या वाक्यामुळे. मी वाणिज्य शाखेची, बँकेत नोकरी केलेली. शरीरशास्त्राशी संबंध दहावीपुरता. पण रात्री जेवणं आटोपली की वही घेऊन बसायचे. सुरुवात नावापासूनच केली. ग्रीकांनी या अवयवाला दिलेल्या नावाचा अर्थ 'सगळं मांसच' असा होतो. हाड नाही, कूर्चा नाही, म्हणून. आपल्याकडे त्याला स्वादुपिंड म्हणतात. स्वादु म्हणजे गोड, रुचकर. ज्या माणसाच्या ताटातून एकेक रुचकर गोष्ट काढून घेतली जात होती त्याच्या आजाराला हे नाव असावं, याचं मला त्या दिवसांत फार वाईट वाटायचं.

स्वादुपिंडाच्या त्या मुख्य नळीचा शोध लागला तो इटलीत, पदुआ शहरात, १६४२ साली. विर्सुंग नावाचा जर्मन शरीरशास्त्रज्ञ फाशी दिलेल्या एका माणसाचं शवविच्छेदन करत होता, तेव्हा त्याला ग्रंथीच्या आरपार जाणारी एक नळी दिसली. ती कशासाठी आहे हे त्याला उमगेना. त्यानं तांब्याच्या पत्र्यावर तिचं चित्र कोरून घेतलं, ठसे काढले आणि युरोपातल्या थोर शरीरशास्त्रज्ञांना पाठवून विचारलं, हिला रोहिणी म्हणू की नीला? हिच्यात रक्त तर कधीच दिसत नाही. उत्तर मिळायच्या आधीच, १६४३ च्या ऑगस्टमध्ये, त्याचा खून झाला. मला हा माणूस जवळचा वाटतो. पाहिलं ते प्रामाणिकपणे दाखवायचं आणि समजत नाही ते विचारायचं, एवढं त्यानं केलं. माझ्या भावाच्या त्याच नळीचा फोटो हातात धरणाऱ्यांनी विचारण्याऐवजी उत्तर आधीच ठरवलं होतं.

ग्रंथीचं काम समजून घेताना मला चुनकळी आठवली. लहानपणी घराला चुना द्यायचा असला की वडील चुन्याची कळी पोत्यातून आणायचे. कोरडी असेपर्यंत ती शांत पडून असते. पिंपात टाकून पाणी ओतलं की ती फसफसते, उकळते, अंगावर उडाली तर कातडी भाजते. स्वादुपिंड रोज लिटर-दीड लिटर पाचक रस तयार करतं. त्यात पिष्ट पचवणारं अमायलेज असतं, स्निग्ध पदार्थ पचवणारं लायपेज असतं आणि प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन. आपलं स्वतःचं मांस म्हणजेही प्रथिनंच. म्हणून ग्रंथी ट्रिप्सिन थेट तयार करत नाही. ती त्याचं कोरडं, निद्रिस्त रूप करते, ट्रिप्सिनोजेन, आणि नळीतून लहान आतड्यात सोडते. तिथे आतड्याच्या अस्तरातलं एक विकर त्याला जागं करतं. कळीवर पाणी पडायचं ते तिथे, पिंपात. चुकून एखादा थेंब पोत्यातच पडला तर तो टिपून घ्यायला ग्रंथीत राखणदार ठेवलेले असतात. त्यांतल्या एकाचं नाव स्पिंक-वन.

जुनाट दाहात हे पोतं आतून भिजत राहतं. ट्रिप्सिन ग्रंथीतच जागं होतं, ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते, सूज येते, ओसरते, व्रण राहतो, पुन्हा सूज. प्रागमध्ये शवविच्छेदन करणाऱ्या हान्स किआरीनं १८९६ सालीच हा आत्मपचनाचा विचार मांडला होता. व्रण साचत जातात, रस घट्ट होतो, नळीत गाळ धरतो आणि त्याचे खडे बनतात. हे खडे कशाचे असतात हे वाचलं तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ बसले. कॅल्शियम कार्बोनेटचे. म्हणजे चुनखडीचेच.

दारू हे या आजाराचं मोठं कारण आहे, यात शंका नाही. धूम्रपान हे स्वतंत्रपणे तितकंच खरं कारण आहे, आणि ते मात्र फारसं कुणी विचारत नाही. पण भारतातलं चित्र केवळ या दोघांवर संपत नाही. देशभरातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेली एक पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात कारणांची पूर्ण माहिती हाती असलेले १,०३३ रुग्ण होते. त्यांपैकी दारूमुळे आजार झालेले ३८.७ टक्के. आणि ज्यांचं कारण सापडलं नाही असे ६० टक्के. दहातले सहा. त्यांना डॉक्टर इडिओपॅथिक म्हणतात. मी तो आकडा मोठ्या अक्षरात लिहून भावाच्या फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवला. पुढच्या तपासणीत नव्या डॉक्टरांनी तो पाहिला, वाचला आणि भावाला आधी बसायला सांगितलं. मग विचारलं, "घरात अजून कुणाला आहे का?" चार वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता.

कारण सापडलं नाही म्हणजे कारण नाही असं नव्हे. २००२ साली हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राच्या संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी डॉक्टरांबरोबर मिळून दाखवून दिलं की आपल्याकडे दिसणाऱ्या या आजाराच्या अनेक रुग्णांत त्या राखणदाराच्या, स्पिंक-वनच्या, जनुकातच बदल असतो. निरोगी माणसांतही तो शंभरात एखाद-दोघांकडे सापडतो आणि त्यांना आयुष्यभर काही होत नाही. म्हणजे एकटा तो बदल पुरत नाही, त्याला कशाची तरी जोड लागते. कशाची, याचं एकच एक उत्तर नाही. पण राखणदार जन्मतःच अशक्त असणं ही गोष्ट माझ्या भावाच्या चारित्र्याशी जोडता येत नाही, हे मला त्या रात्री पुरेसं होतं.

आईला मात्र ते पुरलं नाही. तिच्या कानावर कुठूनसं केरळचं आलं. १९५० च्या दशकात इंडोनेशियात झुइडेमा नावाच्या डच डॉक्टरांनी कुपोषित गरिबांमध्ये असा खडे धरणारा आजार नोंदवला होता. पुढे केरळात डॉ. गीवर्गीस यांनी शेकडो रुग्ण पाहिले. लहान वयात पोटदुखी, तारुण्यात मधुमेह आणि ऐन उमेदीत मरण, असं त्याचं तेव्हाचं वर्णन होतं. ही माणसं टॅपिओका, म्हणजे कसावाचा कंद, रोज खायची, म्हणून त्यातल्या सायनाइडवर संशय घेतला गेला. आपला साबुदाणा त्याच कंदाचा. तमिळनाडूत सेलमकडे तयार होतो आणि तिथून आपल्या उपवासांना येतो. हे ऐकलं आणि आईनं साबुदाण्याचा डबा रस्त्यावर नेऊन ओतला. "दर एकादशीला मीच खिचडी घातली त्याला. दोन-दोन वाट्या. माझ्याच हातानं केलं मी."

तिला समजावताना मी मिळेल ते वाचून दाखवलं. कसावा न खाणाऱ्या प्रदेशांतही हा आजार आहे, खाणाऱ्या लाखोंना तो होत नाही, कसावावरचा तो संशय पुढे सिद्ध झाला नाही. २००८ च्या त्या पाहणीतल्या रुग्णांतही कसावा खाणारे थोडेच होते. ती ऐकायची, मान हलवायची आणि एकादशीला भगरच करायची. आजही आमच्याकडे साबुदाणा येत नाही. आईच्या मनात ज्या कारणानं घर केलं ते मला शास्त्रानं काढता आलं नाही. तो प्रयत्न मी आता सोडला आहे.

२०१४ साली बाहेरून ध्वनिलहरींचे ठोके देऊन खडे फोडले, तीन बैठकांत. मग तोंडातून दुर्बीण घालून नळीत स्टेंट बसवला. त्या मुक्कामातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. शेजारच्या खाटेवर साखर कारखान्याला ट्रॅक्टरनं ऊस वाहणारा माणूस होता, चाळिशीचा. त्याला हाच आजार, दारूचा. परिचारिकेनं दोघांच्या फायली एकत्र उचलल्या तशी मी पटकन म्हणाले, "आमचा भाऊ माळकरी आहे. तसला नाही." त्या माणसाची बायको पायाशी बसून डबा उघडत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. झाकण पुन्हा लावलं फक्त.

रात्री तीनला मला जाग आली. दोन्ही खाटांवर दोघं उठून बसले होते. दोघांच्या पोटाशी उशी, दोघं पुढे वाकलेले, मधल्या अंधारात एकमेकांकडे तोंड केलेले. माझ्या भावाचा निष्पाप स्वादुपिंड आणि त्याचा दोषी स्वादुपिंड असा काही फरक त्या वाकण्यात नव्हता. ती बाई गरम पाण्याची पिशवी नवऱ्याच्या पाठीला लावत होती. थोड्या वेळानं ती उठली, न विचारता माझ्या भावाच्या मागे आली आणि तीच पिशवी त्याच्या पाठीला धरून उभी राहिली. सकाळी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मीबी त्येला लई बोलले ताई. बोलून दुखायचं थांबत न्हाई." त्या माणसानं दारू सोडली की नाही ते मला माहीत नाही. सोडली असेल तर त्याचे झटके कमी झाले असतील, हे मात्र वैद्यकशास्त्र ठामपणे सांगतं. बिडीही सुटली असेल तर अधिकच.

आता तेलाविषयी. हे कुणी लिहीत नाही म्हणूनच मी लिहिते आहे. भावाचं वजन बासष्टवरून एक्कावन्नावर आलं होतं. जेवत होता तरी. शौचाला दिवसातून चार-पाच वेळा जायचा, ते फिकट आणि चिकट असायचं, वास उग्र, पाण्यावर तेलाचा तवंग तरंगायचा, दोन बादल्या ओतल्या तरी भांडं स्वच्छ होत नसे. हे त्यानं दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. कुणाकडे मुक्कामाला जाणं बंद केलं, लग्नाच्या बोलण्यांना नकार दिला. आम्ही समजलो, आजारानं एकलकोंडा झाला. ती लाज होती. त्याचं कारण अगदी साधं होतं. ग्रंथीत मोठी राखीव ताकद असते. लायपेज तयार करायची नव्वद टक्के क्षमता जाईपर्यंत तूप-तेल पचत राहतं आणि त्यानंतर एकाएकी पचेनासं होतं. खाल्लेला स्निग्धांश तसाच बाहेर पडतो आणि जाताना त्यात विरघळणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही घेऊन जातो. हाडं ठिसूळ होतात. संध्याकाळी त्याला अंधुक दिसायचं ते त्यामुळेच. औषधाच्या दुकानातलं पाचक सरबत आम्ही किती बाटल्या पाजलं असेल! त्यातलं डायस्टेज पिष्ट पचवतं, त्याचा तुपाशी काही संबंध नाही.

यावर औषध आहे आणि ते चांगलं आहे. पॅन्क्रियाटिनच्या कॅप्सूल. ग्रंथी जी विकरं करू शकत नाही ती बाहेरून द्यायची. जठरातल्या आम्लानं लायपेज नष्ट होतं म्हणून आतल्या बारीक गोळ्यांवर आम्लात न विरघळणारं आवरण असतं. ते आतड्यात पोचल्यावरच सुटतं. कॅप्सूल जेवणाआधी तासभर किंवा जेवण झाल्यावर घेऊन उपयोग नाही. अन्नाबरोबरच आत जायला हवी. पहिल्या घासाला एक, जेवणाच्या मध्यावर दुसरी. आम्हाला चिठ्ठीवर फक्त 'सकाळ-संध्याकाळ' लिहून मिळालं होतं. तो वर्षभर उपाशीपोटी घ्यायचा. एका आहारतज्ज्ञ बाईंनी पंधरा मिनिटं बसून हे समजावलं, त्या पंधरा मिनिटांत आमचं एक वर्ष किती वाया गेलं ते कळलं. त्यांनीच दुसरी गोष्ट सांगितली. सरसकट तूप-तेल तोडायची गरज नाही. पुरेशी विकरं मिळाली तर स्निग्ध पदार्थ पचतात आणि एवढ्या खंगलेल्या माणसाला ते हवेतच. कॅप्सूल अन्नाप्रमाणे वाढवायच्या, अन्न कॅप्सूलप्रमाणे तोडायचं नाही.

पण ही विकरं डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात.

ते मी औषधाच्या घडीपत्रकात वाचलं आणि पत्रक पर्समध्ये घातलं. घरात कुणाला बोलले नाही. त्याला वाचता येत नव्हतं थोडंच! २०१७ च्या दिवाळीत मी बार्शीला गेले तर त्याचं वजन पंचेचाळीस. खणात कॅप्सूलच्या भरलेल्या पट्ट्या सापडल्या, चार महिन्यांच्या. मी ओरडले नाही, रडलेही नाही. त्याच्यासमोर पट्ट्या ठेवल्या. तो म्हणाला, "गळ्यात माळ आहे, अक्का. घशाखाली उतरत नाही." यावर मला काहीच बोलता आलं नाही. मी पुण्यात राहून ही अडचण हसण्यावारी नेली असती तर तो पुढे माझ्याशीही खोटं बोलला असता.

आम्ही त्याला घेऊन बुवांकडे गेलो. ज्यांच्या हातून माळ घेतली तेच, आता नव्वदीला टेकलेले. भावानं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. बुवा बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "दिवसातनं किती घ्याव्या लागतात?"

"सहा. कधी सात."

"जेवताना?"

"हो, घासाबरोबर."

"घासाला नाव घेतोस का देवाचं?"

"घेतो."

"मग त्याच नावावर गोळी घे. जिभेसाठी घेत नाहीस तू ती. आणि त्या मुक्या जिवाला एकदा हात जोड." एवढं बोलून त्यांनी त्याच्या गळ्यातली माळ सरळ केली. मणी हाडांवर रुतत होते. "लई वाळलास रे," म्हणाले आणि त्यांचेच डोळे भरून आले.

तेव्हापासून तो पहिल्या घासाआधी क्षणभर हात जोडतो. पाहणाऱ्यांना वाटतं, अन्नाला नमस्कार करतोय.

पुढचं थोडक्यात सांगते. २०१८ साली कळा परतल्या. वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मज्जातंतू आणि मेंदूच दुखायला शिकतात, खडा काढला तरी कळ उरते, हे मी तेव्हा वाचलं आणि फार घाबरले. २०१९ मध्ये मधुमेह आला. हा नेहमीचा मधुमेह नव्हे, याला ३सी प्रकार म्हणतात. इन्सुलिन करणाऱ्या पेशींबरोबर साखर वर आणणारं ग्लुकागॉन करणाऱ्या पेशीही गेलेल्या असतात, त्यामुळे साखर चढते तशी एकदम कोसळतेही. त्याच्या खिशात सदैव खडीसाखर असते. २०२० च्या आरंभी नेदरलँड्समधल्या ८८ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची शस्त्रक्रिया लवकर केली त्यांचं दुखणं दुर्बिणीचे उपचार करत राहिलेल्यांपेक्षा कमी राहिलं, असा त्याचा निष्कर्ष. आमच्या सर्जनांनी तो समोर ठेवून सांगितलं, "तुमचा उशीर झालाय, पण अजून करण्यासारखं आहे." जानेवारी २०२१ मध्ये फ्रे पद्धतीची शस्त्रक्रिया झाली. ग्रंथीच्या डोक्याचा निबर भाग कोरून काढतात, नळी लांबवर उघडतात आणि आतड्याचा पदर तिला जोडतात. पूर्वी महिन्यातले दहा-बारा दिवस त्याच्या कळा असायच्या, आता दोन-तीन महिन्यांत एखादी रात्र असते. बरा झाला असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. या आजारात कर्करोगाचा धोका वाढतो म्हणून वर्षाला तपासणी असते. ते आईला सांगितलेलं नाही.

दोन वर्षं कोरोनानं थांबलेली पायी वारी २०२२ मध्ये पुन्हा निघाली. त्याला सगळी वाट चालणं शक्य नव्हतं. आम्ही गाडीनं वाखरीला गेलो आणि तिथून पंढरपूरपर्यंतचा शेवटचा टप्पा तो दिंडीत चालला. मी मागे, हातात त्याची पिशवी. इन्सुलिनचं पेन, खडीसाखर, कॅप्सूल, पाण्याची बाटली. दोनदा तो रस्त्याकडेला बसला. एक अनोळखी माउली वारा घालत थांबल्या, त्याला काय झालंय हे त्यांनी विचारलं नाही.

द्वादशीला मठात पारण्याची पंगत बसली. पुरणपोळी होती. आईनं पदराखालून एक स्टीलची डबी काढली. बार्शीहून आणली होती, मला न सांगता. झाकण उघडलं तसा वास आला. तिनं चमचा भरला आणि भावाच्या ताटावर धरून थांबली.

"आता घालू?"

"थांब. पहिला घास जाऊ दे."

त्यानं हात जोडले. पोळीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि पाण्याचा घोट घेतला. आईचा हात थरथरत होता, चमच्यातलं तूप काठाशी आलं होतं.

"घाल."

धार पडली. पापुद्र्याखालचं पुरण काळवंडून चकाकलं. तो ताटाकडे बघत राहिला.

"अजून घाल," म्हणाला.